स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी जीपीएस घड्याळ, टॅग, लॉकेट की दाराची घंटी? एक परीक्षण

जीपीएस घड्याळ घ्यायचा विचार बहुतेक घरांत सुरू होतो तो आई किंवा आजोबा एकदा हरवून सापडल्यावर. घाबरलेल्या मनाने त्याच रात्री ऑनलाइन ऑर्डर जाते, काही हजार रुपये खर्च होतात आणि महिन्याभरात घड्याळ ड्रॉवरमध्ये पडून राहतं. आमचं मत आधीच सांगतो: घड्याळ उपयोगी आहे, पण ते तिसऱ्या क्रमांकावर घ्यायचं. पहिली दार उघडलं की वाजणारी घंटी, दुसरा अंगातल्या लॉकेटवर किंवा कड्यावर कोरलेला फोन नंबर. या दोन्ही वस्तू मिळून साधारण हजार रुपयांत होतात, त्यांना रिचार्ज लागत नाही आणि त्या बिघडण्याची कारणंही कमी.

खरेदीआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात मेंदूचे जे भाग सगळ्यात आधी झिजतात, त्यात हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स येतात. नवी आठवण साठवणं आणि आपण कुठे आहोत याचा नकाशा डोक्यात ठेवणं, ही दोन्ही कामं याच भागांची. (जागेचं भान ठेवणाऱ्या या पेशींच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं.) म्हणजे पाय धडधाकट असतात, चालायची सवय शाबूत असते, नकाशा मात्र पुसला जातो. म्हणूनच तीस वर्षं ज्या गल्लीतून भाजी आणली, तिथेच माणूस चुकतो. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या म्हणण्याप्रमाणे डिमेन्शिया (म्हणजेच स्मृतिभ्रंश) असलेल्या दहापैकी सहा जण कधी ना कधी असे भरकटतात. तेव्हा ‘आमचे बाबा कधी बाहेर जात नाहीत’ यावर विसंबू नका.

आणि माणूस उगाच बाहेर पडत नाही. संध्याकाळी उजेड कमी झाला की अस्वस्थता वाढते, ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. ते घर बहुतेकदा सध्याचा फ्लॅट नसतो; चाळीस वर्षांपूर्वीची चाळ असते, नाहीतर गावाकडचं माहेर. कधी सकाळी ऑफिसची वेळ झाली म्हणून निघतात. कधी कारण अगदी साधं असतं: लघवीला जायचंय पण संडास सापडत नाही, पोट साफ नाही, गुडघा दुखतोय, भूक लागलीय. अचानक फिरणं वाढलं तर लघवीची तपासणी करून घ्या. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग कधीकधी तापाऐवजी अशा गोंधळातून कळतो. आठवडाभर किती वाजता उठून दाराकडे गेले, त्याआधी काय चाललं होतं, एवढं कॅलेंडरवर लिहिलं तरी वेळ लक्षात येते. झोपेच्या किंवा ‘शांत ठेवणाऱ्या’ गोळ्या हा भटकण्यावरचा उपाय नाही. त्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. यांतल्या अँटिसायकोटिक म्हणजे मनोविकारांवरच्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

दाराची घंटी

हिचे दोन भाग असतात, एक चुंबक आणि एक स्विच. एक दाराच्या फळीवर, दुसरा चौकटीवर. दार उघडून दोन्हींत अंतर पडलं की आवाज होतो. ऑनलाइन किंवा इलेक्ट्रिकलच्या दुकानात ‘मॅग्नेटिक डोअर अलार्म’ म्हणून तीनशे ते सहाशे रुपयांच्या आसपास मिळते.

घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, तिच्यात सायरनसोबत ‘चाइम’ म्हणजे साधी टिंगटाँग हवी. कर्कश सायरनने रुग्ण घाबरतो, चिडतो, कधी जिन्यात धावतो. आवाज ऐकायचाय तो आपण, त्यांना घाबरवायचं नाही. दुसरी, आवाज दारातच होणारी नको. वेगळा रिसीव्हर असलेली घ्या, म्हणजे तो रात्री जागणाऱ्याच्या उशाशी ठेवता येतो. तिसरी, रिसीव्हर सेलवरही चालायला हवा. प्लगमध्येच चालणारा रिसीव्हर लाइट गेली की मुका होतो. वायफायवर चालणारे सेन्सर आम्ही सुचवत नाही, त्याचं कारणही हेच: वीज गेली की राऊटर बंद, आणि रात्री फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असला तर नोटिफिकेशन सकाळी दिसतं.

बसवताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो लोखंडी सेफ्टी डोअरवर. पत्र्यावर थेट चिकटवलं की चुंबकाचं क्षेत्र लोखंडात पसरतं आणि घंटी एकतर सतत वाजते नाहीतर वाजतच नाही. आतल्या लाकडी दारावर बसवा. तसं जमत नसेल तर दोन्ही भागांखाली सेंटिमीटरभर जाडीचा लाकडाचा किंवा फोमचा तुकडा द्या. दार बंद असताना दोन्ही भागांत एक सेंटिमीटरच्या आसपासच फट राहू द्या. सोबत येणारा डबल टेप पावसाळ्यात सुटतो, म्हणून स्क्रू मारलेले बरे. सेल दर तीन महिन्यांनी न विसरता बदला.

कुलपाबद्दलही इथेच बोलू. दाराला अगदी वर किंवा अगदी खाली एक जादा कडी लावली, तर आजाराच्या मधल्या टप्प्यात बऱ्याच जणांना ती सापडत नाही, कारण नजर नेहमीच्या जागीच शोधते. दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडला तर काहींना दार जाणवत नाही. मात्र माणसाला आत एकटं कोंडून बाहेरून कुलूप लावून जायचं नाही. गॅस, आग, चक्कर, यातलं काहीही झालं तरी त्याला बाहेर येता येणार नाही. उलटा धोका नाईट लॅचचा: सांभाळायला ठेवलेल्या मावशी कचरा ठेवायला बाहेर गेल्या आणि आतून दार ओढलं गेलं, की रुग्ण आत एकटा. एक किल्ली कायम शेजाऱ्यांकडे ठेवा. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल अशी लावून घ्या.

कोरलेला नंबर

स्टेनलेस स्टीलचं लॉकेट किंवा कडं, त्यावर लेझरने कोरलेली अक्षरं. किल्ल्या आणि ट्रॉफ्या करणाऱ्या दुकानांत दीड-दोनशे रुपयांपासून होतं. चांदीचं कडं असेल तर सोनारही कोरून देतो. छापील अक्षरं घामाने काही महिन्यांत उडतात, म्हणून कोरलेलंच घ्या.

मजकूर एवढाच: नाव, ‘स्मृतिभ्रंश आहे, कृपया फोन करा’, आणि दोन वेगवेगळ्या माणसांचे मोबाइल नंबर. एक नंबर लागला नाही, कव्हरेजबाहेर असला, तर दुसरा हवा. आकडे इंग्रजी (1, 2, 3) ठेवा. महाराष्ट्राबाहेरच्या टॅक्सीवाल्यालाही ते वाचता येतात. पत्ता कोरू नका. किल्ली खिशात असली आणि पत्ता गळ्यात, तर घर उघडं पडतं. आधार कार्डाची प्रत खिशात ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, तोही नको: कागद भिजतो, हरवतो, आणि त्यावरचा पत्ता बऱ्याचदा जुना असतो.

रुग्णाने ते अंगावर ठेवलं पाहिजे, हा खरा प्रश्न. नवी वस्तू दिसली की हात तिकडेच जातो. म्हणून जे आधीपासून अंगावर आहे त्यालाच जोडा. मंगळसूत्र जन्मात न काढणाऱ्या बाईच्या मंगळसूत्राच्या मागच्या हुकाजवळ छोटी पट्टी बसते, मानेमागे असल्यामुळे तिला दिसतही नाही. (सोन्याचं मंगळसूत्र मात्र एक ग्रॅमवाल्याने बदलून घ्या, एकट्या भरकटलेल्या बाईचं सोनं हा वेगळा धोका आहे.) पुरुषांना जानवं, कमरेचा करगोटा, नेहमीची अंगठी. काहीच चालत नसेल तर न पुसणाऱ्या लाँड्री मार्करने सदऱ्याच्या कॉलरच्या आत, परकराच्या नाडीपट्टीवर, गाऊनच्या शिवणीत नंबर लिहा. सगळ्याच कपड्यांवर लिहा, कारण बाहेर पडताना कुठला अंगात असेल ते आपण ठरवत नाही.

क्यूआर कोडचं लॉकेट हा याचाच नवा अवतार. मुंबईत सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीहून हरवलेला बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा कुलाब्यात सापडला आणि गळ्यातल्या क्यूआर लॉकेटमुळे घरी पोचला, तेव्हापासून ते बऱ्याच जणांना माहीत झालं. कल्पना चांगली आहे: बॅटरी नाही, आणि माहिती बदलली तर लॉकेट बदलावं लागत नाही. पण ते दोन गोष्टींवर उभं आहे. ज्याला रुग्ण सापडला त्याने कोड स्कॅन केला पाहिजे, आणि त्यामागचं संकेतस्थळ चालू राहिलं पाहिजे. अनोळखी कोड स्कॅन करू नका, असं बँका रोज बजावतात, त्यामुळे लोक कचरतात. क्यूआर घेणार असाल तर त्याच पट्टीवर नुसता नंबरही कोरून घ्या. दोन्हींतून एकच निवडायचं झालं तर आम्ही नंबर निवडू.

जीपीएस घड्याळ

आता मुख्य वस्तू. आत जीपीएसची चिप, एक सिम कार्ड आणि बॅटरी. घड्याळ आपली जागा उपग्रहांवरून काढतं आणि सिमच्या डेटावरून आपल्या फोनमधल्या अॅपला कळवतं. यातली प्रत्येक पायरी कुठे अडखळते ते कळलं, की घड्याळ आपल्या घरी चालेल का याचा अंदाज येतो.

सिमपासून सुरू करू. स्वस्त घड्याळं अजूनही टूजी असतात. जिओचं टूजी जाळंच नाही, त्यामुळे त्यांत जिओचं सिम चालत नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं लागतं. फोरजी घड्याळच घ्या, आणि घेण्याआधी वर्णनात तो शब्द शोधा. सिम घरातल्या कर्त्या माणसाच्या नावावर घ्या, सिमचा पिन लॉक आधी साध्या फोनमध्ये घालून काढून टाका. रिचार्ज लांब मुदतीचा मारा. डेटा फार लागत नाही, पण मुदत संपली की घड्याळ मेलं, आणि अॅपवर जुनी जागा तशीच दिसत राहते. ‘घरीच आहेत’ असं वाटत असताना माणूस कधीचा निघून गेलेला असतो. म्हणून अॅपमध्ये ठिपका पाहू नका, त्याखालची वेळ पाहा.

दुसरं, जागेची अचूकता. जीपीएसला आकाश दिसावं लागतं. घरात, लोकलच्या डब्यात, दाट वस्तीच्या बोळात ते नीट मिळत नाही. मग घड्याळ मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं आणि अॅपवर ‘एलबीएस’ असं लिहून येतं. हा अंदाज काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकू शकतो. आजी सोफ्यावर बसलेल्या असताना ठिपका खाडीपलीकडे दिसतो तो यामुळे. शोध घेताना आधी शेवटची ‘जीपीएस’ लिहिलेली जागा धरा, एलबीएसची नव्हे.

तिसरं, किती वेळाने कळवतं. बॅटरी वाचवण्यासाठी दर दहा मिनिटांनी हा नेहमीचा बेत. ताशी चार किलोमीटरने चालणारा माणूस दहा मिनिटांत साडेसहाशे मीटरहून पुढे जातो; रिक्षात बसला तर चारेक किलोमीटर. रोज दहा मिनिटं ठीक आहेत, पण बाहेर पडल्याचं कळताच एका मिनिटावर कसं आणायचं, ते घरातल्या दोघांना तरी यायला हवं. एकदा बसून सराव करा.

‘घराचं कुंपण’ म्हणजे जिओफेन्स. रुग्ण ठरावीक वर्तुळाबाहेर गेला की फोनवर इशारा. लोक उत्साहाने शंभर मीटरचं वर्तुळ आखतात. घरात जीपीएस मिळत नसल्याने ठिपका आपोआप बाहेर उडी मारतो, दिवसातून अनेकदा खोटा इशारा येतो, चौथ्या दिवशी कोणीतरी इशारे बंद करतं, आणि नेमके त्यानंतर आजोबा जातात. वर्तुळ तीनशे ते पाचशे मीटरचं ठेवा. उंबरा ओलांडल्याची खबर दाराची घंटी देईल, ते काम घड्याळाचं नाही.

चार्जिंगवर सगळ्यात जास्त घड्याळं हरतात. बहुतेक मॉडेल एक ते दोन दिवस चालतात. आपण फोन रात्री लावतो म्हणून घड्याळही रात्री लावलं जातं, आणि रात्र हीच बाहेर पडायची वेळ असते. सकाळी आंघोळीच्या वेळी आणि दुपारी जेवताना चार्ज करा, म्हणजे जेव्हा कोणीतरी समोर बसलेलं आहे. हे काम ज्याच्याकडे आहे त्याचं नाव ठरवा. ब्युरोच्या मावशी बदलल्या की नव्या मावशींना पहिल्याच दिवशी दाखवा.

हातावर टिकण्याबद्दल. भारतात मिळणारी बरीचशी स्वस्त घड्याळं मुळात शाळकरी मुलांसाठी केलेली आहेत. पट्टा आखूड, रंग भडक, स्क्रीनवर कार्टून. चाळीस वर्षं एचएमटी बांधलेल्या माणसाच्या हातात ते अपमानासारखं वाटतं आणि ते त्यांना सांगता येत नाही, फक्त काढून फेकता येतं. साधी गोल तबकडी, मोठे आकडे, गडद पट्टा असलेलं पाहा. जुनं घड्याळ ज्या हातात असे त्याच हातात, आंघोळ करून कपडे बदलताना, त्याच वेळी बांधा. काहींना ओढून न निघणारा लॉकचा पट्टा मिळतो. तो वापरलात तर रोज काढून मनगट पुसा, हात बदला; दमट हवेत पट्ट्याखाली पुरळ येतो आणि खाजेने माणूस हैराण होतो. ‘आयपी ६७’ लिहिलेलं घड्याळ पावसात चालतं, पण गरम पाण्याच्या आंघोळीत घालू नका.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी नक्की करा. ‘ऑटो आन्सर’ चालू करा, कारण बटण दाबून फोन उचलणं त्यांना जमेलच असं नाही. आपला आवाज आपोआप ऐकू आला पाहिजे. आणि ठरलेल्या नंबरांखेरीज सगळे कॉल बंद करा.

एक गंभीर बाब अॅपची. अनेक वेगवेगळ्या नावांची घड्याळं मागे एकच अॅप आणि एकच सर्व्हर वापरतात. २०२० मध्ये ब्रिटनच्या पेन टेस्ट पार्टनर्स या सुरक्षा संस्थेने सेट्रॅकर नावाच्या अशाच लोकप्रिय अॅपमधली त्रुटी उघड केली: बाहेरच्या कोणालाही घड्याळावर ‘गोळी घ्या’ ही सूचना पुन्हा पुन्हा पाठवता आली असती. आधीची गोळी घेतल्याचं आठवत नसलेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको. ती त्रुटी नंतर दुरुस्त झाली. तरी घड्याळाचा मूळ पासवर्ड (बहुधा १२३४५६) पहिल्या दिवशी बदला, आणि औषधांची आठवण घड्याळावर सोपवू नका. डबी माणसाच्याच हातात असावी.

जीपीएसचे बूट आणि सोलही निघाले आहेत. आपल्याकडे ते कुचकामी. चपला दाराबाहेर असतात आणि माणूस अनवाणी किंवा दिसेल ती चप्पल अडकवून निघतो.

ब्लूटूथ टॅग

ॲपलचा एअरटॅग, सॅमसंगचे आणि इतरांचे टॅग. यांत जीपीएस नाही, सिमही नाही. जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनवरून टॅगची जागा कळते. फायदा मोठा: साधं बटण सेल सुमारे वर्षभर चालतं, आकार नाण्याएवढा, शिवणीत लपतो. दादर स्टेशनवर किंवा लक्ष्मी रोडवर चांगलं काम करतो. कोकणातल्या वाडीत भर दुपारी जवळून फोनच जात नाही, तिथे तो गप्प. अँड्रॉइडच्या जाळ्यात तर मुळातली सेटिंग ‘फक्त वर्दळीच्या ठिकाणी’ अशी असते. ती बदलल्याशिवाय विसंबू नका.

परदेशी असलेल्या मुलांसाठी खास सूचना. बोस्टनहून आलेला मुलगा टॅग स्वतःच्या फोनला जोडून आईच्या बटव्यात ठेवतो आणि परत जातो. मालकाचा फोन आसपास नसला की काही तासांनी हा टॅग हलवल्यावर आपोआप वाजतो, आणि बरोबर असलेल्या मावशींच्या फोनवर ‘अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय’ असं येतं. पाळत रोखण्यासाठी केलेली ती सोय आहे. म्हणून टॅग आईबरोबर राहणाऱ्याच्या फोनला जोडा आणि मग इतरांना शेअर करा. एअरटॅग आणखी पाच जणांना देता येतो. सेल बदलायचं झाकण सहज फिरतं, त्यामुळे स्क्रूने बंद होणारं कव्हर लावा. आजाराच्या पुढच्या टप्प्यात हाताला लागेल ते तोंडात जातं, आणि बटण सेल अन्ननलिकेत अडकलं तर दोन तासांतही आतून भाजतं. गिळल्याची शंका आली तरी थेट हॉस्पिटल.

सुरुवातीच्या टप्प्यात, माणूस स्वतः फोन वापरतोय तोवर, यातलं काहीच विकत घ्यायला नको. गुगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग ‘बंद करेपर्यंत’ ठेवता येतं आणि फुकट आहे. (व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांनी संपतं.) याच टप्प्यावर त्यांना सरळ विचारा: ‘पुढे कधी रस्ता चुकला तर आम्हाला कळावं म्हणून हे लावू का?’ भान असताना दिलेला होकार पुढे सगळ्या घराला आधार देतो, आणि भावंडांमधले वादही टळतात.

कोणी काय घ्यावं

घरात चोवीस तास कोणी ना कोणी असेल, माणूस फक्त संध्याकाळी दाराशी जात असेल: घंटी आणि कोरलेला नंबर, बस. शहरात राहता, अजून एकटे मंदिरापर्यंत जातात: या दोन्हींच्या जोडीला टॅग घ्या. गावात, मळ्यात, हायवेजवळ घर आहे, किंवा एकदा दूर जाऊन झालंय: फोरजी घड्याळ घ्या, आणि चार्जिंगची जबाबदारी ठरल्यावरच घ्या. वॉचमनच्या केबिनमध्ये फोटो आणि नंबर चिकटवा, दिवसपाळी-रातपाळी दोघांना सांगा. रिक्षा स्टँड, फुलवाला, कोपऱ्यावरचा वाणी, यांनाही. आजार लपवण्यात घरं फार शक्ती घालवतात. इथे लपवणं थेट धोक्याचं आहे.

आणि तरीही गेलेच तर: पहिली पाच मिनिटं घर, गच्ची, जिना, पार्किंग, पाण्याची टाकी. मग जुनं घर, जुनं ऑफिस, एसटी स्टँड. हाका मारून भागत नाही, कारण हे रुग्ण बऱ्याचदा ओ देत नाहीत. झुडपं, बंद दुकानांच्या पायऱ्या, बांधकामाच्या जागा डोळ्यांनी पाहाव्या लागतात. त्याच वेळी ११२ ला फोन, आणि पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार. चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही; कोणी तसं म्हटलं तर डिमेन्शियाचं डॉक्टरांचं पत्र दाखवा, ते फोनमध्ये आधीच ठेवा. रेल्वेसाठी १३९, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७. रोज सकाळी कपडे बदलल्यावर एक पूर्ण उभा फोटो काढायची सवय लावली, तर आज अंगात काय होतं हे आठवावं लागत नाही.

सापडल्यावर रागावू नका. का गेलो हे त्यांना माहीत नसतं, आपला चढलेला आवाज तेवढा कळतो. पाणी द्या, तळपाय पाहा, डोक्याला मार लागलाय का तपासा. मग कॅलेंडरवर लिहा: किती वाजता, कुठल्या दाराने, कुठल्या दिशेला आणि कुठे सापडले. पुढच्या वेळी शोध तिथूनच सुरू करायचा आहे.